मॅट टाकली तरी हौदा सडतो: पिकअपच्या लायनरची निवड आणि दुरुस्ती

ही तक्रार नेहमी एकाच चालीची असते. नवी पिकअप घेतली, हौद्याला ओरखडे नकोत म्हणून पहिल्याच आठवड्यात जाड रबरी मॅट अंथरली. तिसरा पावसाळा सरला आणि क्रेट उतरवताना एका जागी पाय दबला. मॅट उचलून बघितली तर खाली पापुद्रेच पापुद्रे. बॉडीवाल्याकडून पत्रा बदलून घेतला, त्यावर परत तीच मॅट टाकली, आणि दोन वर्षांत गाडी परत त्याच्याच दारात उभी.

मॅटने तिचं काम चोख केलेलं असतं. ओरखडे, आपटणं, माल घसरणं यांच्यापासून हौदा वाचवणं एवढंच लायनरचं, म्हणजे मॅट, शीट, प्लेट किंवा कोटिंग अशा कुठल्याही अस्तराचं, काम आहे. गंज थोपवायचा तो रंगाने आणि निचऱ्याने. आणि लायनर जर त्या दोघांच्या आड आला, तर नुसता उघडा हौदा बरा म्हणायची पाळी येते. उघड्या हौद्यातलं पाणी दुपारच्या उन्हात तासाभरात सुकतं. मॅटखालचं पाणी सप्टेंबरात शिरतं आणि दिवाळीपर्यंत हलत नाही.

म्हणून लायनर घेताना पहिला प्रश्न जाडीचा किंवा किमतीचा नाही. तो पत्र्याला पूर्ण चिकटणार आहे की पूर्ण सुटा निघणार आहे, हे आधी विचारा. दोन्ही प्रकार चालतात. अर्धा चिकटलेला, कडेला स्क्रू मारलेला, मध्ये पोकळ राहिलेला, चार टाके वेल्ड करून बसवलेला असा जो मधलाच प्रकार असतो, तो हौदा खातो.

आधी गंज कुठे धरलाय ते बघा

नवीन लायनर विकत घेण्याआधी जुना उचला. अर्धा तास लागतो. गंजाची जागाच कारण सांगते.

पन्हळीच्या तळाशी लांबट पट्ट्यासारखा गंज असेल, तर पाणी साचून राहतंय. निचऱ्याची भोकं कांद्याच्या सालींनी, मातीने किंवा मॅटनेच बुजलेली असतात. पुष्कळदा मॅट आणि पत्रा यांच्यामध्ये चिखल आणि सालींचा काळपट लगदा सापडतो, आणि बाहेर कडक ऊन असलं तरी तो बोटाला ओलाच लागतो.

प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढा गोल गंज असेल तर दोष मॅटचा नाही, स्क्रूचा आहे. छिद्र पाडताना रंग फाटला आणि आतली कच्ची कड कोणी रंगवलीच नाही.

बाजूचे फाळके आणि केबिनमागचा पत्रा जिथे तळाला मिळतो त्या कोपऱ्यात गंज असेल, तर सांध्याचं सीलंट सुटलंय. हौद्याच्या आकाराचा प्लास्टिकचा साचेबंद लायनर असेल तर त्याची कड चालत्या गाडीत हजारो वेळा घासून रंग उतरवते. धूळ मध्ये अडकली की ती कड पॉलिश पेपरचंच काम करते. या लायनरचा दोष वर्षभर बाहेरून दिसत नाही.

गंज खालून, आडव्या चॅनेलच्या रेषेत असेल तर लायनरला बोल लावू नका. चॅनेल आणि तळाच्या मध्ये चाकांनी उडवलेला चिखल बसलाय. वरून कितीही भारी कोटिंग केलं तरी हा गंज थांबणार नाही.

आणि जुन्या तळावर चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा) टाकून कडेने टाके मारलेले असतील, तर दोन टाक्यांच्या मध्ये प्लेट फुगते आणि पावसात तिथून तपकिरी पाणी झिरपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो तीन मिलिमीटरची प्लेटसुद्धा उचलतो. हे दिसलं की प्लेट काढल्याशिवाय दुसरा उपाय नाही.

आता हलका हातोडा घ्या आणि सगळ्या तळावर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा 'ठण' वाजतो. खाल्लेला 'थप' करतो, आणि थप आली की हातालाच कळतं. संशयाच्या जागी जुना स्क्रू ड्रायव्हर दाबा. टोक आत गेलं तर तिथे रंगकाम करून उपयोग नाही, पत्रा कापावा लागणार.

कोणत्या मालाला काय

सगळे हिशेब बोलेरो पिकअपसारख्या नऊ फूट बाय साडेपाच फूट हौद्याचे धरलेत, म्हणजे तळाचं क्षेत्र साधारण ४.६ चौरस मीटर. छोटा हत्ती असेल तर सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास धरा.

भाजीपाला, द्राक्ष, टोमॅटोचे क्रेट: इथे आपटणं कमी आणि सरकणं जास्त. सुटी रबरी मॅट पुरते. ६ मिलिमीटर जाडीची अख्ख्या तळाची मॅट चाळीसएक किलो भरते, आणि एवढी जड वस्तू कोणी रोज उचलत नाही. मुद्दाम तीन तुकडे करून घ्या. प्रत्येक तुकडा चौदा किलोच्या आत बसतो आणि एकटा माणूस तो गुंडाळून फाळक्यावर वाळत टाकू शकतो. खालच्या बाजूला बारीक रेघा किंवा बुटके खुंट असलेली मॅट घ्या आणि रेघा हौद्याच्या लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे पाणी मागच्या फाळक्याकडे वाहून जाईल. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर कमी कापा आणि निचऱ्याच्या भोकांवर मॅटला मोठी भोकं पाडा. खडी क्रशरवरून आणलेला जुना कन्व्हेअर बेल्ट स्वस्त मिळतो आणि फाटतही नाही, पण त्याच्या पोटात कापडाचे थर असतात. कापलेल्या कडेतून ते थर पाणी पितात. ओल्या मालाला तो वापरू नये.

चिरा, विटा, खडी, डबर: जांभ्याचा चिरा हळूच ठेवला जात नाही, फेकलाच जातो, आणि त्याचा कोपरा छिन्नीसारखा लागतो. स्प्रे कोटिंग इथे एका हंगामात सोलून निघतं. रबराने थोडं निभावतं. खरं उत्तर लोखंडी चेकर प्लेट हेच, पण ३ मिलिमीटरची प्लेट तळापुरतीच सव्वाशे किलोच्या घरात जाते. हे वजन मालातून वजा होतं, कारण आरसी बुकातलं एकूण वजन काही वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, हेही हिशेबात धरा. मधला मार्ग हवा असेल तर १२ मिलिमीटरचा प्लायवूड, त्यावर रबर. प्लाय चाळीस किलोच्या आत बसतो आणि आपटण्याचा जोर पसरवतो. तो आयएस ७१० शिक्क्याचा मरीन घ्या, किंवा सेंट्रिंगवाले वापरतात तो फिल्म लावलेला शटरिंग प्लाय. आयएस ३०३ चा साधा एमआर प्लाय (नुसती दमट हवा सोसणारा) पहिल्या पावसात थर सोडतो. दोन्ही प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने.

मासळी आणि बर्फ: सगळ्यात वाईट माल हाच. खारं पाणी सांध्यात शिरतं, सुकताना मीठ मागे ठेवतं, आणि ते मीठ हवेतली ओल ओढून रात्रभर पत्रा ओला ठेवतं. हर्णै, मालवण, रत्नागिरीकडच्या गाड्यांचे हौदे देशावरच्या गाड्यांच्या आधी का जातात, याचं कारण एवढंच. इथे सुटी मॅट चालवायची तर रोज उचलून गोड्या पाण्याने धुवावी लागेल, आणि ते कोणी करत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मासळीला पूर्ण चिकटणारं कोटिंगच हवं, तळ आणि बाजू मिळून एकसलग, सांधा न ठेवता. निचऱ्याला पाइप लावून खाली टाकी बसवा. घाटात मासळीच्या गाडीचं पाणी रस्त्यावर सांडतं आणि मागचा दुचाकीवाला वळणावर आडवा होतो.

ॲल्युमिनियमची चेकर शीट मासळीवाल्यांना आवडते, कारण २ मिलिमीटरची तीस किलोतच भागते आणि चकचकीत दिसते. पण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम विरघळत जातं आणि पांढरी भुकटी सुटते. लावायचीच असेल तर मध्ये रंग आणि वर ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणाऱ्या) रबराची पट्टी हवी, धातू धातूला कुठेच टेकता कामा नये. आणि ॲल्युमिनियमचे रिव्हेट लोखंडी पत्र्यात मारू नका. लहानसा रिव्हेट भल्यामोठ्या लोखंडापुढे आधी झिजतो आणि डोकं उडतं.

सिमेंट नेणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या वाटेला जाऊच नये. ओलं सिमेंट त्याला खातं. खताच्या गोण्या, विशेषतः पोटॅश, मिठाच्याच जातीच्या समजा. एक गोण फाटली तरी झाडून भागत नाही, धुवावंच लागतं.

एचडीपीई प्लास्टिकची शीट हलकी असते, ५ मिलिमीटरची बावीस किलोच्या आसपास, आणि गंजत नाही. पण माल तिच्यावर घसरतो, आणि उन्हात ती वाढते. अडीच-पावणेतीन मीटर लांबीची शीट पहाटेच्या गारठ्यातून विदर्भातल्या दुपारच्या तापलेल्या हौद्यात गेली की दीड सेंटिमीटर सहज लांबते. लोखंड तेवढ्याच फरकात जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर वाढतं. चारी बाजूंनी घट्ट स्क्रू मारले तर शीट मध्ये पापडासारखी फुगणार आणि खाली पाण्याला जागा करून देणार. एका टोकाला पक्का स्क्रू आणि बाकी सगळीकडे लांबट खाचा व रुंद वायसर, असं बसवा.

प्लास्टिकच्या लायनरबद्दल अजून एक. जनरेटरसाठी पेट्रोलचा कॅन हौद्यात ठेवूनच भरायची सवय असेल तर ती सोडा. प्लास्टिकवर ठेवलेल्या कॅनमध्ये साचलेल्या स्थिर विजेला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही, आणि नॉझल टेकताना ठिणगी पडून आग लागू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवून भरायचा.

हौदा दुरुस्त करून कोटिंग करायचं असेल तर

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. ऑगस्टमध्ये 'दोन दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर कोटिंग धरत नाही, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव बनून बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम असावा लागतो. साधी खूण सांगायची तर ओल्या फडक्याने पत्रा पुसा. पंधरा मिनिटांत सुकला नाही तर आज काम होणार नाही.

पहिलं काम धुण्याचं. वरून आणि खालून, गोड्या पाण्याने, प्रेशरने. मासळीची किंवा खताची गाडी असेल तर दोनदा, मध्ये एक दिवस जाऊ द्या. घासून पांढरा केलेला पत्रा काही तासांतच पुन्हा तपकिरी पडायला लागला, तर मीठ अजून आत आहे असं समजा आणि परत धुवा.

सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापा. चांगल्या जागी व्हर्नियरने जाडी मोजा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवा. भोकावर नुसता ठिगळ ठेवून वेल्ड केलं तर दोन पत्र्यांच्या मध्ये परत तीच पोकळी तयार होते. भोकात लांबी (पुट्टी) भरून वरून कोटिंग ओढणं तर निव्वळ फसवणूक आहे, पहिल्याच चिऱ्याला ती फुटते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. बीएस-६ गाड्यांचे सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) महाग आहेत. खाली डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय हे वाकून बघितल्याशिवाय कोणी ठिणगी पाडू नये. वेल्डच्या खालच्या बाजूचा रंग जळलेला असतो, तो गाडीखाली शिरून पुन्हा रंगवून घ्या. बहुतेक ठिकाणी हे राहतं, आणि पुढचा गंज नेमका त्याच रेषेत येतो.

मग ग्राइंडरला वायर कप लावून पापुद्रे काढा आणि त्यानंतर सगळीकडे ८० नंबरचा पॉलिश पेपर. चांगला जुना रंग काढायची गरज नाही, पण त्याची चमक पूर्ण गेली पाहिजे. कोटिंग सोलून येण्याचं पहिलं कारण ही राहिलेली चमक. दुसरं कारण तेलकटपणा: थिनरच्या ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल नुसतं पसरतं.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी घ्या, झिंक फॉस्फेटवाला. साधा रेड ऑक्साइड दिसायला तोच, पण सच्छिद्र असतो आणि वर येणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगमधल्या थिनरने उचलतो. झिंक रिच नावाचा प्रायमर भारी खरा, पण तो सँडब्लास्ट करून उघड्या केलेल्या लोखंडावरच काम करतो. जुन्या रंगावर किंवा गंजावर त्याचे पैसे वाया. डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळा आणि डब्यावर लिहिलेला थांबण्याचा वेळ द्या, मगच हात मारा. तळ आणि बाजूंचा आतला भाग मिळून नऊएक चौरस मीटर होतात. दोन हातांना नासधूस धरून तीन लिटर लागतो.

दोन हातांच्या मध्ये सांधे भरून घ्या, पीयू सीलंटने. सिलिकॉन स्वस्त मिळतं म्हणून ते भरलंत, तर त्यावर पुढे कुठलाच रंग धरणार नाही, आणि ते पूर्ण काढणंही जिकिरीचं.

आता कोटिंग. यंत्राने गरम करून दाबाने मारलेलं पॉलियुरिया सगळ्यात टिकाऊ. काही सेकंदांत जमतं आणि एका दिवसात दोन-तीन मिलिमीटर जाडी देता येते. रोलरने लावायचं दोन भागांचं पीयू स्वस्त आहे, पण तिथे जाडीचा घोळ होतो. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर सुकी जाडी हवी तर एक लिटर घन माल, म्हणजे सुकल्यावर मागे उरणारा भाग, लागतो. नुसत्या तळाला दीड मिलिमीटर द्यायचं तर सात लिटर घन, आणि डब्यात ६५ टक्के घन भाग असेल तर साडेदहा लिटर डबा. आता चार लिटरच्या डब्यात 'अख्खा हौदा' करून देणाऱ्याचा हिशेब मांडा. तळ आणि बाजू धरून जेमतेम ०.३ मिलिमीटर पडतो. त्याला कोटिंग म्हणायचं की काळा रंग, ते तुम्हीच ठरवा. गाडी ताब्यात घेताना मायक्रॉन गेज लावून पाच-सहा जागी जाडी बघा, कोपऱ्यांत हमखास.

जाडी लवकर यावी म्हणून एकाच हातात जाड थर ओढला तर फोड येतात. पीयूमधला हार्डनर ओलाव्याशी मिळून वायू सोडतो, आणि वरचा थर आधी सुकल्यामुळे तो आत अडकतो. पातळ तीन-चार हात द्या. दोन हातांतलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं. ते उलटून गेलं, म्हणजे उदाहरणार्थ मध्येच रविवार आला, तर पुन्हा पेपर मारल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. नाहीतर दोन थर वेगवेगळे सुटतात.

हा हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, तो फुप्फुसाला घातक आहे. नाकाला बांधलेल्या रुमालाने किंवा धुळीच्या मास्कने तो अडत नाही. रोलर मारतानाही ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि उघडी जागा हवी. यंत्राने स्प्रे मारणाऱ्याला बाहेरून हवा देणारा मास्क लागतो.

स्क्रू, भोकं आणि खालची बाजू

काहीही बसवायचं असलं तरी स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारा. घराच्या पत्र्यालाही आपण वरच्या नळीवरच मारतो, तळात नाही. छिद्र पाडल्यावर कड घासून तिथे प्रायमरचा थेंब सोडा, सुकू द्या, मग स्क्रूच्या डोक्याखाली पीयू सीलंट लावून आवळा. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वरून खाडकन मारायची घाई ब्रेकच्या पाइपात भोक पाडू शकते, म्हणून लांबी मोजून घ्या.

निचऱ्याची भोकं कोटिंगच्या वेळी बुजतात. लावण्याआधी त्यात लाकडी खुंट्या ठोका आणि थर ओलसर असतानाच काढा. पुढे दर महिन्याला एक तार घालून मोकळी करा. गाडी लावताना तोंड किंचित चढाकडे ठेवलंत तर पाणी फाळक्याकडून निघून जातं.

खालून चॅनेलच्या पोटात मेणाचं कोटिंग पिचकारीने सोडा. डांबरासारखं जाड अंडरकोटिंग ओल्या गंजावर मारलं, तर तो गंज झाकला जातो आणि आतल्या आत चालू राहतो.

सुटी मॅट असलेल्यांनी ती मेच्या मध्यावर आणि दसऱ्यानंतर पूर्ण बाहेर काढून हौदा एक दिवस उन्हात सोडायचा, पावसाळ्यात तर दर आठवड्याला. कोटिंगवाल्यांनी चीर पडली की त्याच दिवशी बघायचं. चिरेखाली पाणी शिरलं की ते बाजूने पसरत जातं आणि वरून काहीच दिसत नाही. धारदार पात्याने सुटलेला भाग घट्ट धरलेल्या कोटिंगपर्यंत कापून टाका, कडेला उतार द्या, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर ८० नंबरचा पेपर मारा, उघड्या लोखंडाला इपॉक्सी द्या, आणि त्या पाच सेंटिमीटरवर चढेल असा नवा थर ओढा. त्या दिवशी गाडी फेरीवर निघालीच असेल, तर चीर कोरडी करून इपॉक्सीचा एक हात तेवढा मारून सोडा. वर चिकटपट्टी लावू नका, ती पाणी धरते.